भागाकाराचीं दोन उत्तरें

सातांस दोहोंनीं भागलें असतां काय येतें, असा प्रश्न केला तर "साडेतीन" हें उत्तर कोणाहि सुशिक्षित मनुष्याच्या तोंडून तत्काळ बाहेर पडेल. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात असत. त्यांतील औट म्हणजेच साडेतीन. दोन औट म्हणजे सात. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द ज्या भाषेंत घरोघरीं रुळले आहेत, ती बोलणारांस अपूर्णांकाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. परंतु आंकडेमोडीसाठींच जन्मास आलेल्या संगणकास हाच प्रश्न त्याच्या कित्येक भाषांतून विचारला, तर तो "तीन" असें उत्तर देतो. एकास दोहोंनीं भाग, असें सांगितलें तर तो "शून्य" म्हणतो. यंत्र बिघडलेलें नसतें व आज्ञाहि चुकलेली नसते. उत्तर नियमास धरूनच असतें. हा नियम कोठून आला, तो इतकीं वर्षें कां टिकला, आणि एका भाषेच्या कर्त्यांनीं तो बदलावयाचें ठरविलें तेव्हां केवढा खटाटोप करावा लागला, ह्याचा वृत्तांत मनोरंजक आहे आणि बोधप्रदहि आहे.

ह्या विसंगतीचें मूळ यंत्राच्या पोटांत नसून मनुष्याच्या प्रश्नांत आहे. सात पुस्तकें दोघां भावांस वांटून द्यावयाचीं असतील, तर प्रत्येकास तीन मिळतात व एक उरतें. तें फाडून अर्धें अर्धें देण्याचा विचार कोणी करीत नाहीं. सात शेर तेल दोन घरांत वांटावयाचें असेल, तर प्रत्येक घरास साडेतीन शेर जातें व कांहींच उरत नाहीं. पहिला प्रश्न मोजणीचा, दुसरा मापाचा. पहिल्याचें उत्तर दोन आंकड्यांनीं पुरें होतें: एक भागाकार, दुसरी बाकी. दुसऱ्याचें उत्तर एकाच आंकड्याचें असतें, मात्र तो पूर्णांक असेलच असें नाहीं. व्यवहारांत दोहोंसहि "भागणें" हें एकच क्रियापद पुरतें, कारण समोर पुस्तकें आहेत कीं तेल आहे, हें भागणाराच्या डोळ्यांस दिसत असतें. यंत्रास पुस्तकें दिसत नाहींत व तेलहि दिसत नाहीं. त्यास फक्त सात आणि दोन हे आंकडे दिसतात. मग त्यानें कोणत्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, हें कोणी व कसें ठरवावयाचें? संगणकभाषांच्या सुमारें सत्तर वर्षांच्या इतिहासांत ह्या एका प्रश्नाचा निकाल निरनिराळ्या भाषाकारांनीं निरनिराळ्या प्रकारें लावलेला आहे.

मोजणीचा भागाकार हा मापाच्या भागाकाराहून हलक्या प्रतीचा आहे, असा समज कोणी करून घेऊं नये. बाकी ही टाकाऊ वस्तु नव्हे. भारतीय गणितांत तर बाकीच्याच आधारावर एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें कुट्टक नांवाची रीत सांगितली. एका संख्येस पांचांनीं भागलें तर बाकी तीन राहते, सातांनीं भागलें तर बाकी दोन राहते, तर ती संख्या कोणती, अशा जातीचे प्रश्न ह्या रीतीनें सुटतात. ह्या प्रश्नाचें लहानांत लहान उत्तर तेवीस. ज्योतिषांत ग्रहाचे पूर्ण फेरे सोडून द्यावयाचे आणि अपुऱ्या राहिलेल्या फेऱ्यावरून त्याचें आजचें स्थान काढावयाचें असतें. तेथें भागाकार निरुपयोगी व बाकी हेंच सर्वस्व. भास्कराचार्यानें इ. स. ११५० मधील लीलावतींत कुट्टकास एक सबंध प्रकरण दिलें. पुढें १२०७ मध्यें त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्याचा नातू चांगदेव ह्यानें खानदेशांतील चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याची माहिती देणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणला. बाकीचें गणित महाराष्ट्राच्या भूमीवर किती आदरानें शिकविलें जात होतें, ह्याची ती साक्षच होय.

मापाच्या भागाकारास लागणारें सोयीचें लेखन मात्र पुष्कळ उशिरां रूढ झालें. दशांश अपूर्णांकांची कल्पना दहाव्या शतकांत दमास्कस येथील अल्-उक्लिदिसी ह्याच्या ग्रंथांत आढळते, आणि पंधराव्या शतकांत समरकंदच्या अल्-काशीनें तिचा पद्धतशीर उपयोग केला. युरोपांत तिचा प्रसार केला तो ब्रूज येथें जन्मलेल्या सायमन स्टेव्हिन ह्यानें. १५८५ मध्यें लायडन येथें त्यानें एक चिमुकलें पुस्तक छापलें. त्याच्या नांवाचा अर्थ "दशांश". तें त्यानें कोणास उद्देशून लिहिलें हें पाहण्यासारखें आहे. ज्योतिषी, जमीन मोजणारे, नक्षीदार पडद्यांचें कापड मापणारे, पिंपांतील मद्याचें माप घेणारे, टांकसाळींतील अधिकारी आणि व्यापारी अशी ती यादी आहे. हे सर्व मापाचे धनी! बिंदु लिहिण्याची चाल स्टेव्हिनची नव्हे; तो प्रत्येक आंकड्यापाशीं वर्तुळांत स्थानदर्शक अंक लिहीत असे. बिंदु नंतर आला, पण हिशेबाची दिशा त्यानें घालून दिली.

माप व मोजणी ह्यांचा झगडा भारतीय घरांतहि एकदां प्रत्यक्ष अनुभवास आला. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत असत. एक रुपया तिघांस वांटला तर प्रत्येकास बरोबर पांच आणे चार पै मिळत व शिल्लक कांहीं राहत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पुष्कळशी आंकडेमोड सोपी झाली. परंतु तिघांच्या वांटणींत प्रत्येकी तेहतीस पैसे देऊन एक पैसा उरूं लागला. दहाच्या पटींत मोजूं लागल्यानें बाकी नाहींशी होत नाहीं, ती फक्त दुसऱ्या ठिकाणीं जाते.

योगायोग असा कीं, त्याच १९५७ सालीं अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीची फॉरट्रान ही संगणकभाषा लोकांच्या हातीं पडली. जॉन बॅकस व त्याचे सहकारी तिच्यावर १९५४ पासून काम करीत होते. तोंवर यंत्रास त्याच्याच सांकेतिक आज्ञांनीं राबवावें लागे. ह्यापुढें बीजगणितासारखीं सूत्रें लिहून काम भागूं लागलें. ज्या ७०४ नांवाच्या यंत्रासाठीं ही भाषा रचली, त्याच्यापाशीं संख्या साठविण्याच्या दोन निराळ्या तऱ्हा होत्या. एक निव्वळ पूर्णांकाची. दुसरींत संख्येचे अर्थपूर्ण आंकडे एका भागांत व बिंदूचें स्थान दुसऱ्या भागांत ठेवलेलें असे. हिला "फ्लोटिंग पॉईंट", म्हणजे सरकत्या बिंदूची तऱ्हा, म्हणतात. पूर्णांकांचा भागाकार करतांना हें यंत्र भागाकार एका कप्प्यांत व बाकी दुसऱ्या कप्प्यांत ठेवून देई. म्हणजे यंत्रानें बाकी टाकलेली नव्हती. सूत्रांत मात्र एका चिन्हाच्या बदल्यांत एकच उत्तर मावूं शकत होतें. म्हणून फॉरट्राननें भागाकार तेवढा उचलला व बाकी तेथेंच सोडून दिली. सात भागिलें दोन म्हणजे तीन, हा नियम असा रूढ झाला.

फॉरट्रानमध्यें कोणती संख्या कोणत्या जातीची, हें तिच्या नांवावरून ठरे. इंग्रजी वर्णमालेंतील आय पासून एन पर्यंतच्या अक्षरांनीं आरंभ होणारीं नांवें पूर्णांकांचीं, बाकीचीं दशांशांचीं; कारण गणिती लोक क्रमांक दाखविण्यास हींच अक्षरें वापरीत आले होते. लिहिलेल्या आंकड्यापुढें बिंदु दिला तर तो दशांश, न दिला तर पूर्णांक. सवयीच्या माणसास हें कठीण नव्हतें. पण एका बिंदूच्या विसरानें किती अनर्थ होतो पाहा. गोलाचें घनफळ काढण्याच्या सूत्रांत चार-तृतीयांश हा अपूर्णांक येतो. तो बिंदु न देतां "चार भागिलें तीन" असा सूत्राच्या आरंभीं लिहिला कीं त्याचें मोल एक होतें, आणि गोलाचा चौथा हिस्सा कागदावरच नाहींसा होतो. "एक भागिलें दोन" असें लिहिलें तर सगळें उत्तरच शून्य. यंत्र थांबत नाहीं, तक्रार करीत नाहीं. नीटनेटका आंकडा छापून देतें. संगणकाच्या चुकांत हीच चूक अधिक घातक, कारण ती आपल्या आगमनाची वर्दी देत नाहीं.

ह्या दोषावर उपाय कोणास सुचला नाहीं असें नव्हे. जानेवारी १९६० मध्यें युरोप व अमेरिका येथील तेरा जाणकार पॅरिस येथें जमले व त्यांनीं अल्गॉल ६० ह्या भाषेचा आराखडा निश्चित केला. त्याचें वृत्त पीटर नाऊर ह्यांनीं संपादिलें. त्यांनीं भागाकाराचीं दोन चिन्हें स्वतंत्र ठेविलीं. तिरकी रेघ मापाच्या भागाकारासाठीं, आणि शाळेंतील पुस्तकांत असतें तें, रेघेच्या वर एक व खालीं एक टिंब असलेलें चिन्ह मोजणीच्या भागाकारासाठीं. झुरिक येथील निक्लाउस विर्ट ह्यांनीं १९७० मध्यें पास्कल भाषा प्रसिद्ध केली, तिच्यांतहि हाच भेद पाळला. तिरकी रेघ निराळी आणि "डिव्ह" हा शब्द निराळा. बाकीसाठीं "मॉड" हा तिसरा शब्द दिला. कोणता प्रश्न विचारावयाचा आहे, हें लिहिणारानें स्वतः सांगावें, असा ह्या परंपरेचा दंडक होता.

परंतु जगांत प्रसार झाला तो दुसऱ्या परंपरेचा, आणि त्याचें कारण तत्त्वाचें नसून परिस्थितीचें होतें. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन ह्यांनीं एका लहानशा यंत्रासाठीं बी नांवाची आटोपशीर भाषा रचली. तिच्यांत संख्यांच्या निरनिराळ्या जातीच नव्हत्या. जें कांहीं होतें तें यंत्राचा एक शब्द, म्हणजे पूर्णांक. अशा भाषेंत भागाकारास एकच चिन्ह पुरतें, कारण प्रश्नच एक असतो. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची ह्यांनीं बी पासून सी भाषा तयार केली व तिच्यांत जाती आणिल्या. दशांश संख्या घरांत आली, पण भागाकाराचें चिन्ह जुनेंच राहिलें व तेंच दोन्ही कामें करूं लागलें. दोन्हीकडे पूर्णांक असतील तर बाकी टाकावयाची. एकीकडे जरी दशांश असेल तरी पुरें उत्तर द्यावयाचें. सी मध्यें प्रत्येक नांवाची जात आरंभीं जाहीर करावी लागते. त्यामुळें वाचणारानें चार ओळी वर नजर टाकली तर उलगडा होतो. म्हणून हा नियम तेथें फारसा बोचला नाहीं. सी भाषेचें वजन इतकें वाढलें कीं १९९५ मध्यें आलेल्या जावा भाषेनेंहि तोच उचलला.

खरी अडचण उभी राहिली ती पायथन भाषेंत. तिचे कर्ते गिडो व्हॅन रॉसम हे अॅम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेंत काम करीत असतां, नवशिक्यांसाठीं रचलेल्या ए.बी.सी. ह्या भाषेशीं त्यांचा जवळून संबंध आला होता. त्या भाषेंत सातांस दोहोंनीं भागलें तर उत्तर "सात-द्वितीयांश" असें अचूक अपूर्णांकांत राहत असे. एक कणहि वांया जात नसे. ऐकावयास हें फार सुंदर वाटतें, पण व्यवहारांत निराळाच अनुभव आला. करांचा साधा हिशेब करावयास घ्यावा, आणि पायरीपायरीनें अंश व छेद फुगत जाऊन हजारों आंकड्यांचे व्हावे. आणि एवढें करून छापावयाचीं काय, तर दोन-तीन दशांश स्थळें! यंत्र मंदावे व कां मंदावलें हें नवशिक्यास उमगत नसे. ह्या अनुभवानें सावध होऊन, १९८९ च्या डिसेंबरांत पायथनची रचना हातीं घेतांना व्हॅन रॉसम ह्यांनीं सी भाषेची ओळखीची रीत घेतली. १९९१ मध्यें ती भाषा सर्वांस खुली झाली, तेव्हां तिच्यांत सात भागिलें दोन म्हणजे तीनच होते.

परंतु सी चा नियम घेतांना सी चें कुंपण घेतलेलें नव्हतें. पायथनमध्यें नांवांची जात आधीं जाहीर करावी लागत नाहीं. जो आंकडा हातीं येईल त्याचीच जात खरी. अंतरास वेळेनें भागून वेग काढणारी दोन ओळींची आज्ञावली लिहिली, असें समजूं. कोणी अंतर ७.० व वेळ २.० असें दिलें तर वेग साडेतीन. दुसऱ्या कोणी ७ व २ असें दिलें तर तीच आज्ञावली वेग तीन सांगेल. लिहिणारानें कोणतीहि चूक केलेली नाहीं. वापरणारानेंहि केलेली नाहीं, कारण ७ आणि ७.० ह्यांत मापाच्या दृष्टीनें भेद तो कोणता? आधीं दशांश करून घ्यावें म्हटलें तर तो उपायहि सर्व जातींच्या संख्यांस निर्दोषपणें लागू पडत नसे. अमेरिकेंत रँडी पॉश ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं अॅलिस नांवाची, चित्रांच्या साह्यानें संगणक शिकविण्याची योजना चालली होती, व तींत पायथन वापरीत. नवशिके कोठें अडखळतात हें त्या मंडळींनीं बारकाईनें पाहिलें. त्यांत लहान व मोठ्या इंग्रजी अक्षरांतील भेद आणि एक भागिलें दोन म्हणजे शून्य, ह्या दोन अडचणी इतक्या ठळक दिसल्या कीं त्यांनीं आपल्यापुरती भाषाच दुरुस्त करून घेतली.

मार्च २००१ मध्यें मोशे झाडका व व्हॅन रॉसम ह्यांच्या नांवानें भागाकाराचा नियम बदलण्याचा लेखी प्रस्ताव मांडला गेला. भाषेच्या सुधारणांच्या प्रस्तावांत त्याचा क्रमांक २३८. तिरकी रेघ ह्यापुढें नेहमीं पुरें उत्तर देईल. बाकी टाकून पूर्णांक हवा असेल त्यानें जोडरेघ, म्हणजे दोन तिरक्या रेघा लागोपाठ, लिहावी. अल्गॉलमध्यें जें चाळीस वर्षांपूर्वीं ठरलें होतें, त्याकडे पायथन अशा रीतीनें वळूं पाहत होती.

ह्यावर मोठा वाद माजला, आणि विरोधकांचा पक्ष पोकळ मुळींच नव्हता. दहा वर्षांत ह्या भाषेंत अपार लेखन झालें होतें. ज्यांनीं जुना नियम नीट समजून घेऊन, मोजणीचा भागाकार हवा तेथें तिरकी रेघ लिहिली होती, त्यांचें लेखन बिनचूक होतें. पानें किती, रांगा किती, मधला क्रमांक कोणता, असे प्रश्न पूर्णांकांतच विचारले जातात. नियम बदलतांच हीं सर्व शुद्ध लेखनें अशुद्ध ठरणार होतीं, आणि तींहि गुपचूप. कारण आज्ञा पूर्वींसारखीच वाचली जाईल, फक्त तीनाच्या जागीं साडेतीन येईल. चूक ज्यांनीं केली नाहीं त्यांसच दंड, असा हा न्याय होता. शिवाय फॉरट्रान, सी, जावा इतकीं वर्षें असेंच करीत असतां ह्या एका भाषेनें वेगळी वाट कां धरावी, हाहि प्रश्न होताच. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, जुन्या लेखनाचा सांठा कितीहि मोठा असला तरी पुढें होणारें लेखन त्याहून मोठें असणार. मूळ योजनेंतील दोष जितका उशिरां काढावा तितका तो महाग पडतो. व्हॅन रॉसम ह्यांनीं हा दोष आपल्याच आरंभींच्या निवडीचा आहे, हें मान्य केलें.

शेवटीं जो मार्ग निघाला तो उतावळेपणाचा नव्हता. डिसेंबर २००१ मधील २.२ ह्या आवृत्तींत जोडरेघेचें नवें चिन्ह दिलें, पण जुन्या चिन्हाचा अर्थ तसाच ठेवला. ज्यास नवा अर्थ हवा त्यानें आज्ञावलीच्या माथ्यावर एक ओळ लिहावी. तिचा शब्दशः अर्थ "भविष्यांतून भागाकार आणा" असा होतो. संशयास्पद भागाकार आढळला कीं इशारा देण्याचीहि सोय केली. लोकांस आपलें लेखन तपासावयास अशी सात वर्षें मिळालीं, आणि मग ३ डिसेंबर २००८ रोजीं आलेल्या ३.० ह्या आवृत्तींत तिरक्या रेघेचा अर्थ कायमचा बदलला. ह्या आवृत्तींत इतरहि मोठे फेरफार असल्यामुळें जुनी भाषा सोडण्यास लोक नाखूष होते. जुन्या शाखेचा सांभाळ २०१५ पर्यंतच करावयाचा असें आधीं ठरलें होतें. ती मुदत वाढवावी लागली व १ जानेवारी २०२० रोजीं ती संपली. प्रस्तावापासून मोजल्यास एका भागाकाराच्या चिन्हाचा अर्थ पुरता पालटावयास जवळजवळ एकोणीस वर्षें लागलीं. आजच्या पायथनमध्यें चार भागिलें दोन ह्याचेंहि उत्तर २.० असें बिंदूसह येतें. उत्तराची जात आतां चिन्हावरून ठरते.

जोडरेघेनें पूर्णांक द्यावयाचा हें ठरलें, तरी ऋण संख्यांचा एक बारीक प्रश्न राहतोच. उणे साडेतीनाचा पूर्णांक करावयाचा तर उणे तीन म्हणावें कीं उणे चार? फॉरट्रान शून्याकडे सरकते व उणे तीन म्हणते. सी भाषेच्या १९८९ च्या मानकानें हें ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोडलें होतें. १९९९ च्या मानकानें शून्याकडेच सरकावें असें ठरविलें. पायथन मात्र नेहमीं खालच्या पूर्णांकाकडे जाते व उणे चार म्हणते. ह्यांत कोणती सोय, तें वारांच्या हिशेबानें कळेल. रविवारास शून्य, सोमवारास एक, असे अंक देऊं. आज रविवार असेल तर दहा दिवसांपूर्वीं कोणता वार होता? उणे दहांस सातांनीं भागून पायथनच्या रीतीनें भागाकार उणे दोन व बाकी चार येते. चार म्हणजे गुरुवार, आणि तें बरोबर आहे. शून्याकडे सरकणाऱ्या रीतीनें भागाकार उणे एक व बाकी उणे तीन येते. आणि उणे तीन नांवाचा वार कोणत्याहि पंचांगांत नाहीं. घड्याळें, वार, तिथि, आवर्तनें ह्या सर्वांस खालीं सरकणारा भागाकार मानवतो.

पुरें उत्तर मागितलें म्हणजे सर्व चिंता मिटली, असेंहि मात्र नाहीं. संगणक दहाच्या पटींत न मोजतां दोहोंच्या पटींत मोजतो. दशांश पद्धतींत एक-तृतीयांशाचे तीन जसे संपत नाहींत, तसेच दोहोंच्या पद्धतींत एक-दशांशाचे आंकडे कधींच संपत नाहींत; कोठेंतरी ते तोडावेच लागतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरबस्तानांत धाहरान येथें ह्याचा भयंकर परिणाम दिसला. शत्रूचीं क्षेपणास्त्रें अडविणारी पॅट्रियट यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत पूर्णांकानें मोजीत असे व सेकंद काढण्यासाठीं त्यास एक-दशांशानें गुणीत असे. तो एक-दशांश २४ द्विमान आंकड्यांवर तोडलेला होता. एका वेळची चूक कोणासहि जाणवूं नये इतकी सूक्ष्म. परंतु यंत्रणा १०० तासांहून अधिक वेळ अखंड चालू होती व चूक सांठत सांठत सुमारें ०.३४ सेकंदावर गेली. तेवढ्या वेळांत येणारें क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें गेलेलें असे. यंत्रणेनें भलत्याच जागीं शोध घेतला, क्षेपणास्त्र निवाऱ्यावर पडलें व २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखीं पडले. दुरुस्त केलेली आज्ञावली तेथें पोंचली ती दुसऱ्या दिवशीं.

तोडण्याच्याच संवयीचा दुसरा दाखला पैशांच्या बाजारांतील आहे. कॅनडांतील व्हँकुव्हर येथील शेअरबाजारानें जानेवारी १९८२ मध्यें १००० ह्या आंकड्यापासून एक निर्देशांक सुरू केला. दिवसांतून सुमारें ३००० वेळां तो नव्यानें काढला जाई, आणि दर वेळीं तिसऱ्या दशांश स्थळापुढील आंकडे जवळच्या आंकड्याकडे न वळवितां सरसकट छाटले जात. नोव्हेंबर १९८३ च्या अखेरीस निर्देशांक ५२४ च्या घरांत उतरला. हिशेब सुधारतांच तोच १०९८ च्या वर निघाला. बाजार पडलाच नव्हता. टाकून दिलेल्या बाक्यांनीं तो पाडला होता. पैशांच्या हिशेबासाठीं दहाच्या पटींतच मोजणारी व्यवस्था पायथनमध्यें २००४ पासून, व अचूक अपूर्णांकांची २००८ पासून, स्वतंत्रपणें दिलेली आहे, ए.बी.सी. भाषेनें सर्वांवर लादलेला अचूकपणा आतां मागेल त्यासच मिळतो.

ह्या सर्व इतिहासाचें सार काढावयाचें तर तें यंत्राविषयीं थोडें व भाषेविषयीं अधिक निघतें. तीन हें उत्तर चूक नाहीं आणि साडेतीन हेंहि चूक नाहीं. ज्योतिष्यास बाकी हवी असते, मद्याचें पिंप मापणारास दशांश हवा असतो, सावकारास पैचा चोख हिशेब हवा असतो. दोष घडतो तो, दोन निराळे प्रश्न एका चिन्हांत कोंडून त्यांतील कोणता विचारला हें आंकड्यांच्या रूपावर सोपविल्यानें. अल्गॉलच्या कर्त्यांनीं हें आधींच ओळखलें होतें. पायथनच्या कर्त्यांस तें अनुभवानें पटलें, व त्याचें मोल त्यांच्याबरोबर, ज्यांचा कांहीं अपराध नव्हता अशा पुष्कळांनीं भरलें. तें मोल उगीच गेलें असें म्हणतां येत नाहीं. आज एखादें शाळकरी मूल ह्या भाषेंत सातांस दोहोंनीं भागतें, तेव्हां त्यास साडेतीन हेंच उत्तर मिळतें. आणि पुस्तकें वांटावयाचीं असतील, तर दुसरी रेघ ओढून तें बाकीसह हिशेब मागूं शकतें. प्रश्न कोणता, हें ठरविण्याचा अधिकार विचारणाराकडे परत आला आहे.